दम

मे महिना, दुपारचे अडीच.
वाळूजच्या आमच्या शेडमध्ये
जालन्याच्या काबरांचा पारस
हळदीच्या रंगाची गाडी घेऊन आला.
कंपनीच्या कागदावर : सातशे.
"एक नटसुद्धा बदललेला नाही," म्हणाला,
"शोरूममधून निघाली तश्शी."

हैबतीमामा त्याच दिवशी लोह्याहून डोळे दाखवायला आलेला.
डॉक्टरांनी थेंब टाकलेले, काळा चष्मा,
माझ्या खुर्चीत बसून होता.
चाळीस वर्षं माळेगावच्या जत्रेत
घोड्यांचे दात मोजत आलेला माणूस.
"सातशे काय?"
"घोडे, मामा."
तो हसला नाही.
"आपल्या हिरीवरचं इंजिन आठाचं व्हतं,"
एवढंच बोलून
बोटांवर काहीतरी हिशेब करत राहिला.

मागची चाकं रोलरवर घेतली,
पट्टे आवळले,
पुढ्यात मोठा पंखा लावून बॉनेट उघडलं.
आठ सिलिंडर, चार इकडे चार तिकडे,
आणि मधल्या दरीत ठाण मांडून
सुपरचार्जर.
मामाला दिसत नव्हतं, म्हणून सांगत गेले :
पेट्रोल काय, हवं तेवढं ओतता येतं,
जळायला हवा लागते.
एरवी हवा येते आपल्या मर्जीनं, पाहुण्यासारखी.
हा तिला मानगूट धरून आत कोंबतो.
जेवढी हवा, तेवढा जाळ.

"म्हंजे छाती," मामा म्हणाला.
"लोकं पाय बघतेत.
म्या पाय बघून कधी इसार दिला न्हाई.
घोडं पायानं पळत न्हाई, पोरी,
दमानं पळतंय."

मग मी चौथ्या गिअरला पाय दाबला.
आधी खर्ज, पोटाच्याही खालून,
त्यावर चढत गेलेली एक शीळ.
पत्रे थरथरले, पान्यांचा ट्रे सरकत सरकत पडला,
शेजारच्या पॅकिंगमधल्या बाया
हातातले खोके तसेच घेऊन दारात.
अकरा सेकंद.
स्क्रीनवर : पाचशे पंचेचाळीस.

पारसचं तोंड उतरलं.
त्याला रोजचंच सांगितलं.
कंपनी मोजते इंजिनाच्या टोकाशी,
आम्ही चाकाशी.
मधे गिअरबॉक्स आहे, डिफरन्शियल आहे,
जो तो आपला हिस्सा कापून पुढे देतो.
त्यात आज पारा त्रेचाळीस,
हवा पातळ.
मूठ तेवढीच, दाणे कमी.
म्हणून हे बटण :
गरमीचा, उंचीचा गुणक लावला की
सहाशे दहा.

"मग हे पासष्ट कुठं व्हते?" मामानं विचारलं.
"उन्हानं खाल्ले."
"आन आता आले कुठून?"
"गणितातून."
"कागदी घोडे म्हणतेत ते हेच व्हय?"

पारस हसला, पण प्रिंट मात्र
सहाशे दहाचीच मागितली,
लॅमिनेट करून.
मी दिली. ती खोटी नाही.
थंडीत, दुसऱ्या कुठल्या गावात,
ते पासष्ट तिच्यात असतीलच.
इथं या शेडमध्ये ते नव्हते,
हेही तितकंच खरं.

तो चावी फिरवणार एवढ्यात
मामा चाचपडत उठला,
पंख्याच्या वाऱ्यात धोतर सावरत
गाडीपाशी गेला,
तापलेल्या पत्र्यावर तळवा टेकवला
आणि चटका बसला तरी काढला नाही.
"बंद करू नकोस इतक्यात," म्हणाला,
"पळून आलेलं जनावर लगीच उभं करत न्हाईत.
धापा टाकायलंय ते.
आदूगर दम खाऊ दे."

माझ्या तोंडात तेच वाक्य होतं,
जवळजवळ त्याच शब्दांत,
डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापासून.
मी काहीच बोलले नाही.
पाच मिनिटं ती हळदी गाडी
जागच्या जागी घुमत राहिली.
मामा तिच्या उजव्या अंगाला उभा,
एक हात लगाम धरल्यासारखा
उगाच मिटलेला.