लाम्पांगमध्ये कुठे जेवाल

किल्लीबरोबर मी नकाशाही देते,
झेरॉक्सची झेरॉक्स, नदी त्यात अर्धी पुसलेली,
आणि निळ्या पेनाने खुणा करत जाते,
कारण पिशव्या खाली ठेवायच्या आत पाहुणे विचारतात:
जेवायला कुठे?

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी खाओ सोई. अकराच्या आत गाठा,
नंतर नूडल्स उरतात, कोंबडी उरत नाही.
शनिवार-रविवार असेल तर गाद कोंग ता,
जुन्या सागवानी घरांची गल्ली. तिथे बसू नका,
चालता चालता खा, साय उआ कापून मागा,
बरोबर भाजक्या हिरव्या मिरचीचा ठेचा, चिकट भात.
घोडागाडीवाला नेईल तिथे मात्र जाऊ नका,
तिथे त्याचा मेव्हणा असतो.

आणि नाम न्गिआव?

नाम न्गिआव खायचं तर पांढरा पूल ओलांडा.
टायरच्या दुकानाला लागून पत्र्याची शेड, पाटी नाही,
चार टेबलं, कोंबडा रंगवलेले वाडगे, काठ उडालेले.
खामपान नावाचा माणूस. तो हसणार नाही.
त्याच्या हाताला चव आहे.
हे मी सांगतेय, म्हणजे बघा.
सहा वर्षं झाली,
आमच्यातून विस्तव जात नाही.

त्या रश्शात काटेसावर लागते.
पाकळ्या नाही, फक्त मधले तुरे, उन्हात वाळवलेले.
फेब्रुवारीत देवळामागच्या झाडाखाली
लाल फुलं धपधप पडायची, मी वेचायचे,
तो चटईवर पसरायचा आणि कुत्र्याला हाकलायचा.
भांडण कशावरून झालं ते विचारू नका.
पैशावरून. आणि त्याच्या बहिणीवरून.

पाहुणे रात्री परततात तेव्हा
मी किल्ली द्यायला उगाच उशीर करते.
त्यांच्या शर्टाला वास असतो
निखाऱ्यावर भाजलेल्या सोयाबीनच्या चकतीचा.
म्हणजे अजून तो गॅसवर गेलेला नाही.
कसं होतं, विचारते.
टोमॅटो आंबट होते, एकजण म्हणाला.
म्हातारा लंगडतो, असं एका बाईने सांगितलं.
म्हातारा!
माझ्याहून तो दोनच वर्षांनी मोठा.

गेल्या आठवड्यात सुरात थानीचे एक काका आले,
रेल्वेत तिकीट तपासनीस होते, निवृत्त.
तिखट कमी पडलं म्हणाले;
दक्षिणेकडच्यांना ते नेहमीच कमी पडतं.
मग त्यांनी खिशातून काढावी तशी
पिशवीतून एक पिशवी काढली,
रबरबँडने गच्च बांधलेली, अजून कोमट.
"त्याने विचारलं, कुणी पाठवलं.
मी हॉटेलचं नाव सांगितलं.
हे त्याने दिलं, पैसे घेतले नाहीत."

काका झोपायला गेले.
मी खुर्ची टेबलामागे ओढली,
बाहेरून दिसू नये इतकी.
वाडग्यात ओतलं आणि चमच्याने तळ ढवळला,
पुन्हा ढवळला.
डुकराच्या रक्ताच्या वड्या नव्हत्या.
एकसुद्धा नाही.

मी रक्त खात नाही हे दोघांनाच माहीत होतं.
आई दोन वर्षांपूर्वी गेली.

सगळं संपवलं. वाडगा धुतला.
चव तीच. पण सावरीचे तुरे कमी होते, अगदी मोजके.
ते झाड लांब आहे, चढावर,
आणि वाकून वेचायचं म्हणजे गुडघे हवेत.

आज सकाळी फ्रेचं एक तरुण जोडपं आलं.
मनोरा, गाद कोंग ता, पूल, टायरचं दुकान,
खुणा करता करता पेन
आपसूक देवळामागे गेलं.
"इथे काय मिळतं?" मुलीने विचारलं.
काही नाही, म्हटलं,
आणि तो नकाशा माझ्याकडे ठेवून
त्यांना दुसरा दिला.