हवा कुठून घ्यायची

आकीमची आई एव्हाडनी दुकानात आली
तेव्हा मी हाताचं ग्रीस साखर चोळून काढत होतो.
कारखाना बंद पडून वर्षं झाली,
कुव्हाच्या माणसाची सवय काही जात नाही.

तिनं काउंटरवर दोन खोकी ठेवली.
एकात लांब नळी, एकात आखूड.
दोन्हींची टेप जशीच्या तशी,
कुणी नखही लावलेलं नाही.
'पोरगा गेला टोरांटोला. गाडी माझ्या गळ्यात.
यातलं कुठलं बसवायचं?'

मी सुरू झालो, सगळ्यांना सांगतो तसं.
ही आखूड. बॉनेटखालीच तोंड उघडते,
इंजिनाच्याच धगीत श्वास घेते.
सिग्नलला थांबलीस की तापते,
आणि तापलेली हवा म्हणजे पाणी घातलेलं ताक,
पेला भरलेला दिसतो, पोटात काही जात नाही.
आवाज मात्र हिचा!
पेडल दाबलंस की असा खर्ज लावते
की चण्याचे डबल्स विकणारी मर्ना
गिऱ्हाईक सोडून वर बघते.

ही लांब. बंपरच्या मागे, चाकाच्या अंगाला,
रस्त्यापासून वीतभर वर नाक धरते.
तिथली हवा गार, दाट.
तीन घोडे वाढतात म्हणे, कुणी चार म्हणतं;
कागदावरचे घोडे, गवत खात नाहीत.
पण कॅरोनीच्या सखल भागात पाणी चढलं
की हीच नळी पाणी पिते.
हवेला दाबलं तर ती ऐकते, एव्हाडनी.
पाणी ऐकत नाही.
आतला दांडा वाकतो,
मग मी इंजिन उघडून बसतो
आणि मालकाच्या तोंडाकडे बघत नाही.

ती अंगठ्यानं टेपची सुरकुती काढत होती.
'त्याला कुठली हवी होती?'

आता काय सांगू.
चार वेळा आला होता.
जानेवारीत लांब,
जूनमध्ये रस्ते बुडाले तेव्हा आखूड.
एकदा मोजपट्टी घेऊन तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून होता,
माझा पाना आत पाडून गेला, अजून सापडला नाही.
मी म्हटलं, अरे, कंपनीचा काळा डबाच ठेव,
त्यांनीही डोकं खाजवूनच बनवलाय,
कागदी फिल्टर, स्वस्त, मुकाट.
तो हसला. वडीलधाऱ्यांनी छत्री ने म्हटल्यावर
पोरं हसतात तसा.
शेवटी दोन्ही घेतल्या,
आणि जिथे हवा आयतीच गार
त्या देशात निघून गेला.

एव्हाडनी खुर्चीत बसली. चप्पल काढली.
'मी टॅक्सी चालवते, फिरोझ.
चार उतारू आणि कुणाची तरी मासळी.
हायवेवर पाणी कुठून चढतं ते
मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.
आखूड लाव.'

चाळीस मिनिटं लागली. एक क्लिप रुसली होती.
उष्णता अडवायला पत्र्याचा एक आडोसा
मी माझ्याकडूनच ठोकून दिला.
किल्ली फिरवली आणि तिनं फोन लावला,
बॉनेटवर वाकून तो इंजिनासमोर धरला,
जसं कुणी बाळाला फोनवर बोल म्हणतं.
मला म्हणाली, 'दाब जरा.'
मी दाबलं. मर्नानं वर बघितलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, बर्फातून चालत असावा, धापा टाकत,
'आई, लांबवाली बसवायला हवी होती.'

'मग ये,' ती म्हणाली, 'आणि बसव.'

पैसे देताना तिनं घासाघीस केली,
नेहमीइतकीच.
आडोशाचे मी लावले नव्हते,
तरी वीस डॉलर कमी केले.