विचारलंस का?

बारा संगणक, त्यातले चालू पाच.
वाळ्याचा कूलर गारव्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो,
आणि एप्रिलच्या दुपारी गोळीबार चौकामागची आमची शाळा
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
आठवी ब. एका खुर्चीवर दोघं, मागे तिघं उभे.
"मॅडम, टाकून देऊ का?"
"थांब."
दिवसातून इतक्यांदा म्हणते मी हे
की पोरांनी माझं नावच ठेवलंय – सिग्नल.

हर्षद उकेच्या कवितेत आज एक ओळ होती,
फार गुळगुळीत,
त्याच्या नखांत नसलेल्या मातीची.
"कुठून आणलीस?"
"सापडली, जी."
मी म्हटलं, तुझे बाबा कळमन्यात हमाली करतात,
तिथे ट्रकखाली घरंगळलेलं संत्रंसुद्धा
कोणाच्या तरी ढिगातलं असतं ना?
तो पडद्याकडे पाहत राहिला.
मग ओळ खोडून तिथे लिहिलं:
बाबांच्या पाठीला संत्र्याचा वास येते, रविवारीपण.
'येते' मी सुधारलं नाही.

श्रावी निपानेचं पान मात्र पूर्ण तिचं होतं.
अडतीस वर्षांची आत्या, दहावीला बसलेली,
घरी सांगते शिवणक्लास, जाते रात्रशाळेत,
पिशवीत वर कापड, खाली भूमिती.
तीनदा नापास.
शेवटी आत्याचं नाव, आडनाव, तांडापेठेतली गल्ली,
हातपंपासमोरचं निळं दार.
फार सुंदर लिहिलं होतं.
म्हणूनच पोटात गोळा आला.

"आत्याला विचारलंस का?"
"काहून मॅडम? खरंच तर हाये.
आन् चांगलंच तर लिहून राहिली मी."

तिला काय सांगू,
की सात वर्षांपूर्वी मीही चांगलंच करत होते.
गौरव निखाडेचा निबंध, आई आणि तिची पोह्यांची गाडी,
वर त्याचा हसरा फोटो,
मी कौतुकाने सगळ्यांसाठी खुला केला.
संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर फोनाफोनी,
कोणीतरी निबंधातलं बापाचं वाक्य
तर्रीसारखं वर काढून वाढलं होतं.
गौरव अकरा दिवस शाळेत आला नाही.
आला तेव्हा रागावला नाही, काही बोललाही नाही.
फक्त नंतर वर्षभर लिहीत राहिला:
वाघ. झाडे लावा. माझा आवडता ऋतू.

एवढंच म्हटलं श्रावीला, "आधी तिला वाचून दाखव."

सोमवारी ती आली ती चुरगळलेला कागद घेऊन.
रात्री सगळे झोपल्यावर, जिन्यावर बसून,
मोबाइलच्या उजेडात तिने वाचलं.
आत्या आधी म्हणाली, "बाप्पा!"
मग गप्प. मग म्हणाली, "पुन्हा वाच."
आणि मग तिने पेन मागितलं.

तीनदा नापास, यातला तीन खोडून दोन.
समासात तिच्या शिकाऊ अक्षरात:
एकदा मी पेपरलाच गेली नव्हती. भेव लागला.
गल्ली काढली. निळं दार काढलं.
नावावर पेन बराच वेळ थांबलं असावं,
तिथे शाईचा ठिपका फुगला आहे.
नाव ठेवलं.
खाली एक अट: निकाल लागेपर्यंत टाकू नको.

"म्हणजे जूनपर्यंत मॅडम!"
श्रावी जवळजवळ रडकुंडीला.
"आन् पुन्हा नापास झाली तर?"
"तर पुन्हा विचारशील."
मागून कोणीतरी पुटपुटलं, सिग्नल.
हसले सगळे. मीही.

पोरं गेल्यावर एकेक संगणक बंद केला.
कूलर थांबला की खोली किती शांत होते,
हे दर वेळी नव्याने कळतं.
गौरव आता मिहानमध्ये कुठेतरी नोकरीला आहे म्हणतात.
नंबर मिळाला. लिहिलं:
'तुझा निबंध अजून तिथेच आहे.
तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारते, ठेवू की काढू?'
तीनदा वाचलं.
एक शब्द जास्त होता, तो काढला.
पाठवलं.

उत्तर नाही अजून.
तोवर मी तो निबंध झाकून ठेवला आहे.