हरकती व सूचना

डरहॅम काउंटीतल्या एलस्टनबी गावची मी कारकून.
आठवड्याला अकरा तास.
किल्ल्यांचा जुडगा, एक रबरी शिक्का,
आणि कौन्सिलच्या नऊ माणसांचं बोलणं
शहाण्यासारखं करून लिहायचं काम.

फेब्रुवारीत लखोटा आला.
नदीकाठी, जुन्या वीटभट्टीच्या जागी,
कचरा जाळायचा कारखाना. धुराडं सत्तर मीटर.
गावाचं म्हणणं अठ्ठावीस दिवसांत कळवावे.

इचलकरंजीला अशी नोटीस भिंतीवर डकवत:
'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.'
शेजारची शेळी मागचे पाय ताणून तो कागद खायची.
वडील म्हणायचे, चला, एक हरकत तरी नोंदवली गेली.

इथे शेळी नाही.
चारशे बारा पानांचा अहवाल आहे,
त्यात प्राथमिक शाळेला नाव नाही,
ती 'संवेदनशील ठिकाण क्रमांक सात'.
आठ म्हणजे विनिफ्रेड रॅक्स्ट्रॉ,
वय ब्याऐंशी, घरामागे कपडे वाळत घालायची दोरी.
वारा मोजलाय तो बावीस मैलांवरच्या विमानतळावर.

सभा मंगळवारी, चर्चच्या हॉलमध्ये. हीटर बंद.
गॉर्डन हेब्लथ्वेट म्हणाला,
माझ्या जावयाला तिथे नोकरी लागेल.
बसला. पुन्हा उठला.
म्हणाला, नातू सात नंबरात शिकतो.
मग टोपी हातात फिरवत उभाच राहिला.
इतिवृत्तात मी लिहिलं:
'श्री. हेब्लथ्वेट यांनी मत मांडले.'

कंपनीचा माणूस तरुण, बुटांना चिखल नाही.
उंच धुराड्यामुळे धूर लांब जातो, म्हणाला.
'कोणाकडे?' विनिफ्रेडनं विचारलं.
तिनं पिशवीतून वह्या काढल्या, एकतीस वर्षांच्या.
कपडे कधी वाळले, वारा कुठून होता,
भट्टी चालू होती तेव्हा कुठल्या दिवशी
चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या.
'१४ मार्च. पूर्वेचा. अभ्रे काळे. परत.'
हे 'परत' मी घरी बसून मोजले.
दोनशे सहा.

हरकत.
मी दिवसभर हा शब्द वापरते, पण शेपटीसकट.
चहा गार झाला, हरकत नाही.
बस चुकली, हरकत नाही.
दारावरच्या पाटीवर माझं आडनाव चुकलंय,
तीन वर्षं झाली, हरकत नाही.
घरंदाज बाईसारखी ती
'नाही'ला सोबत घेतल्याशिवाय बाहेरच पडत नाही.
त्या रात्री परक्या भाषेत
मी तिला एकटीला पाठवलं,
चार हजार अक्षरांच्या चौकोनात, मोकळ्या जागा धरून.
शेवटी थोडी जागा उरली.
तिथे चौदा मार्चची ओळ घातली.

ऑक्टोबरात परवाना मंजूर.
आमचं म्हणणं परिशिष्ट चारमध्ये:
रहदारी, आमच्या कक्षेत नाही.
घरांच्या किमती, आमच्या कक्षेत नाही.
वास, विचारात घेतला.
मी वाचून दाखवलं. कुणीतरी घसा खाकरला.
गॉर्डन म्हणाला, म्हणजे गेलं.
मग सत्तावन्नाव्या पानावर, मसुद्यात नसलेली एक अट:
शाळेच्या छपरावर धूळ मोजणारं यंत्र बसवावे,
आकडे दरमहा ग्राम-कौन्सिलला द्यावेत.

तेवढंच.
छपरावर डब्याएवढी पेटी. मुलं तिला टोस्टर म्हणतात.
पहिल्या सोमवारी आकडे येतात,
मी ते काचेच्या फलकात लावते.
विनिफ्रेड चष्मा पुसून वाचते, घरी जाते,
चादरीवरून बोट फिरवते,
आणि दोन्ही शेजारी शेजारी वहीत उतरवते.
अजून जुळतात.
गॉर्डनचा जावई आता रात्रपाळीला असतो, तोही कधी थांबून बघतो.

काल आकडा आला नाही.
फोन केला. पलीकडचा आवाज फार गोड:
यंत्र दुरुस्तीला गेलंय, महिना लागेल,
चालेल ना तुम्हाला?

तोंडात आपसूक ते दोन शब्द आलेच होते.
गिळले.
म्हटलं, थांबा, पेन घेते.
तुमचं नाव सांगा. स्पेलिंगसकट.