लाल चांदणीचा रकाना

मिठमुंबरीच्या शाळेत नेटवर्क येतं
ते फक्त पाण्याच्या टाकीपाशी,
तेही ओहोटीला बरं, असं आधीचे गुरुजी सांगून गेले.
मी हसले होते. आता भरती बघून लॅपटॉप उघडते.

पट एकवीस. एकवीस ओळी,
प्रत्येक ओळीत एक रकाना लाल चांदणीचा:
इंग्रजी स्तर. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
बाण दाबला की पाच शब्द खाली लोंबतात,
प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद,
दोरीवरच्या सुक्या बांगड्यांसारखे.
त्यातला एकच उचलायचा.

शेजारी घरची भाषा. तिथेही एकच.
मुस्तकीम सोलकर घरी बोलतो ती यादीत नाही,
मी उर्दूवर टिचकी मारली;
त्याची आई म्हणेल, उर्दू ती शुक्रवारची.
यमनूरचा बाप चिरेखाणीत मशीन चालवतो.
पोरगा बापाशी कानडीत, मुकादमाशी हिंदीत,
आणि हेरंबशी भांडताना अस्सल मालवणीत.
शिव्यांना स्तर असता तर परिच्छेद.

हेरंब 'द हेन इज इन द पेन'पाशी घसा कोरडा करतो,
पण बापाच्या होडीवर, फिशफाइंडरच्या हिरव्या उजेडात
डेप्थ, लो बॅटरी, सिग्नल लॉस्ट
वाचतो, आणि वाचून सुकाणू वळवतो.
मी त्याला 'अक्षर' दिलं.
चाचणीच्या कागदावर समुद्र नव्हता.

बिपना बोहरा सगळ्यात शेवटी.
हापूसच्या बागेत राखणीला आलेलं घर,
ऑक्टोबरात येतं, मे सरता सरता जातं.
पाच चित्रांपैकी चारांची नावं तिनं सांगितली.
पाचवा, बर्फाचा माणूस.
ती म्हणाली, हिउँ.
अख्ख्या शाळेत बर्फ पाहिलेली ती एकटीच.
उत्तरसूचीत हिउँ नव्हतं.
'शब्द' निवडला, सेव्ह दाबलं.

चकती फिरत राहिली. मग पडदा पांढरा,
त्यावर इंग्रजीत दोन ओळी, बारीक.
चष्मा वर्गात राहिलेला.
(खरं सांगू, चष्मा असता तरी थोडं अडलंच असतं.)
टाकीवर बाटली भरायला आलेली बिपना
खांद्यावरून वाकली, ओठ हलवले, म्हणाली,
"बाई, टायम संपलो म्हणता तो.
पुन्ना सुरवातीसून आत शिरूचा लागात."

बाटली भरून निघूनही गेली.
नेपाळी पोरीनं इंग्रजी वाचून मालवणीत सांगितलेलं
मी, गडहिंग्लजची, मनात माझ्या मराठीत लावत बसले.

पुन्हा आत शिरले. वाटलं, सेव्ह झालं नसेल.
झालेलं. तिच्या ओळीला कुलूप:
स्तर बदलण्यासाठी केंद्रप्रमुखांशी संपर्क साधावा.
साधला.
"मॅडम, वर्षाला एकच पायरी चढवायची," सर म्हणाले,
"एकदम दोन दाखवल्या की वरून विचारणा होते."

मे संपला. खोपीवरचं निळं प्लास्टिक उतरलं.

परवा पोर्टलवर विनंती आली,
कुठल्याशा सफरचंदांच्या मुलखातली शाळा:
बिपना बोहरा, दाखला पाठवावा.
स्तर तिच्याबरोबर आपोआप जातो.
खाली शेऱ्याची चौकट, ऐच्छिक, चांदणी नाही,
पन्नास अक्षरं, देवनागरी चालत नाही.

टाकीपाशी बसलेय.
पाणी खडपापर्यंत चढलंय, नेटवर्कची एक कांडी उरलीय.
इंटरप्रिटर.
त्यात पीनंतर आधी आर, की ई?
जिला विचारलं असतं
तिचंच नाव वर लिहिलेलं आहे.