डाव्या चाकाखाली

वडिलांना आता दिसत नाही,
म्हणून गाडीचं दुखणं ते कानांनी सांगतात.
"डावीकडचा, खालचा. वरचा अजून वर्षभर ओढेल,
पण उघडतेच आहेस तर दोन्ही बदल."
कुतैसीच्या पुलावरून येताना त्यांनी एवढंच ऐकलं होतं:
रुळांवर एक ठक, वळणावर दुसरी,
आणि ब्रेक दाबला की कुणी दात खाल्ल्यासारखं काहीतरी.

गाडी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
पांढरी झिगुली; पांढरी म्हणायची, एवढंच.
पर्सिमनच्या झाडाखाली लावली,
मागच्या चाकांना विटा, पुढे जॅक,
आणि जॅकवर भरवसा नाही म्हणून ओकचा ओंडका.
वडील स्टुलावर, मांडीवर पान्यांचा डबा.
मी आकडा सांगायचा, त्यांनी चाचपून द्यायचा.
बाविसाऐवजी एकोणीस त्यांनी एकदाही दिला नाही.

स्प्रिंगला मात्र मी घाबरते.
खालच्या हाताला दुसरा जॅक टेकवून
तिला होती तशीच दाबून धरली.
"दबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही,
बाजूला बसून बोलायचं तिच्याशी.
तुझ्या आईशी मी बोलायचो तसं."

नट सुटला. पिन सुटेना.
डिझेल ओतलं, चहा प्यायलो, पुन्हा डिझेल.
शेजारचा ओतिया कुंपणावरून तीन सल्ले देऊन गेला,
तिन्ही एकमेकांच्या उलट.
मग जड हातोडी.
पिनेवर नाही, पिन बसते त्या डोळ्याच्या कडेवर.
मोजत होते. अकराव्या घावाला
टक्
आणि सगळं बोटभर खाली आलं.
"सुटला," वडील म्हणाले, माझ्याआधी.

जुना जॉइंट तळहातावर घेतला, अंड्याएवढा.
आतला गोळा सैल दातासारखा हलत होता.
"माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नकोस,
डॉक्टर रोज काढतो."
मी गुडघ्यांचं नाव काढणार नव्हते.
मी टोपीकडे बघत होते, ग्रीसवरच्या रबराच्या टोपीकडे.
ती कंपनीची नव्हती.
काळी, जाड, आतून लाल अस्तर,
कात्रीने गोल कापलेली, तांब्याच्या तारेने आवळलेली.
अस्तर मी ओळखलं.

त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, पावाला रांग,
सुटे भाग कुणाच्या स्वप्नातही नाहीत.
आईचा डावा गमबूट दारातून नाहीसा झाला.
तिने ओतियाच्या कुत्र्यावर आळ घेतला.
दोन वर्षं कुंपणापलीकडे अबोला.
उजवा बूट तिने पुरावा म्हणून खिळ्याला टांगला,
आणि इटलीला परक्यांचे म्हातारे सांभाळायला निघाली
तेव्हाही बजावून गेली:
त्याला कुणी हात लावायचा नाही.

"काय निघालं?"
"रबर," मी म्हटलं.
पान्यांचा डबा बराच वेळ वाजला नाही.
"कुत्रा चांगला होता बिचारा,"
शेवटी ते म्हणाले.

नवे जॉइंट बसले. नवे बुश साबण लावून,
वाइसमध्ये रेटून, शिव्या देऊन बसले.
बोल्ट पूर्ण आवळले ते गाडी जमिनीवर आल्यावर,
तिचं वजन तिच्यावर पडल्यानंतर,
नाहीतर बुश जन्मभर पिळलेलेच राहतात.

संध्याकाळी रुळांवरून नेली. वळवून पुन्हा नेली.
वडील मान तिरकी करून बसले होते.
टायरांचा आवाज, बाकी काही नाही.
"आता काही सांगतच नाही ही," ते म्हणाले,
आणि ते खूश आहेत की नाहीत, मला कळलं नाही.

सरळ रस्त्यावर स्टीअरिंग जरा डावीकडे राहतं.
सोमवारी अलाइनमेंट करून आणेन.
टोपी डिझेलने धुतली, तारेसकट,
आणि खिळ्यावरच्या बुटात टाकली.

"ओतियाला जेवायला बोलाव," वडील म्हणाले.
"मोठी बाटली काढ.
कारण विचारलं तर सांग, गाडी झाली म्हणून."