सीनाकाठ : रद्द

राजपत्रात एका ओळीत मिटलं ते.
बत्तीस गावं अल्याडच्या मतदारसंघात,
एकोणीस पल्याडच्या,
आणि आमचं होनकुंभे
ओढ्याच्या रेषेवर उभं फाटलेलं:
मारुतीची आळी एका आमदाराकडे,
मसोबाची दुसऱ्याकडे.
सीनाकाठ नावाचं काही आता
कागदावर नाही. नदी आहे, पाणी असेल तेव्हा.

मी शाळामास्तर. माझं काम शाईचं.
आठ निवडणुका, खोली नंबर दोन,
फळ्यावर कालची बेरीज तशीच,
आणि समोर डाव्या हाताच्या तर्जन्या
एकामागे एक.
तोंडं विसरलोय. बोटं विचारा.

खडी फोडायच्या सालात
बाया पाझरतलावावरून थेट आल्या,
नखांत दगडाची भुकटी.
शाई धरेना.
तुळजव्वा म्हणाली, नीट घासून लावा मास्तर,
न्हाईतर परत यीन की मी!
आणि पळाली,
तिकडं मुकादम हजेरी कापत होता.

बाहेर लिंबाखाली म्हातारे
एकमेकांना हळूच विचारायचे,
यारिगी हाकिदी?
उत्तर मराठीत यायचं: तुला काय करायचंय.

अठ्याहत्तरला गुरुपादअप्पा हविनाळे पडले.
चिन्ह कपबशी.
तालुक्याच्या गोदामात दोनदा मोजलं,
दोन्हीदा अकरा मतांनी.
आणि गावाला लगेच आठवलं,
नागनाथ घोडक्याच्या घरची अकरा माणसं
त्या दिवशी इंडीला लग्नात जेवत होती.

झालं.
चहावाला अकरा म्हणेना, दहा आन् एक म्हणे.
माझ्या वर्गात अकराचा पाढा सुरू झाला
की मागची पोरं खुदखुदायची,
आणि घोडक्याचा पोरगा
बावीस, तेहतीस, चव्वेचाळीस
मान खाली घालून म्हणायचा.
नागनाथ दर दिवाळीला अप्पांच्या ओट्यावर:
मेव्हण्याचं लगीन होतं अप्पा, टाळता आलं नाही.
अप्पा म्हणायचे, बस, चहा घे.
प्रचाराला आणलेल्या कपबशांची
तीन खोकी उरली होती, त्यातूनच यायचा.
पुढं कुणी कुणी निवडून आलं, पडलं.
शिट्टी आली, छत्री आली,
शिक्क्याची पेटी गेली, बीप वाजणारं यंत्र आलं.
होनकुंभ्यात मात्र निवडणूक एकच झाली होती.

राजपत्र चावडीवर डकवलं त्या संध्याकाळी
नागनाथ माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आला.
म्हणाला, मास्तर, आता सांगतो.
आम्ही गावात असतो ना, तर अप्पा बावीसनं पडले असते.
घरात ठरलंच होतं तसं.
मी म्हटलं, मग तीस वर्षं शिव्या कशाला खाल्ल्यास बे?
तो म्हणाला, त्यांना वाटत होतं, आपण जिंकलोच होतो.
वाटू दे की.
आणि चपला हातात घेऊन पलीकडं गेला,
दुसऱ्या मतदारसंघात.

पहिल्या नव्या मतदानाला
अप्पांना मी रिक्षातून नेलं.
यादीतलं एक नाव ओळखीचं नाही.
बराच वेळ पडद्याआड उभे होते.
बाहेर आले, बोट वर धरलं,
माझ्यापुढं, सवयीनं,
जसं काही अजून मीच शाई लावतोय.

वैशाखात घोडक्याच्या नातीचं लग्न निघालं.
अप्पांनी तिन्ही खोकी पाठवली ओढ्यापल्याड.
चौथ्या दिवशी नागनाथ स्वतः परत घेऊन आला,
डोक्यावर, एकेक करून, तीन खेपा.
म्हणाला, दोन बश्या फुटल्या अप्पा.
मोजून घ्या.

अप्पांनी खोकं उघडलंसुद्धा नाही.
राहू दे, म्हणाले,
कुठं मोजत बसतो आता.

मी ओट्याच्या कडेला बसून
नखावरची शाई बघत होतो.
अर्धी वर सरकली होती.